उरलेल्या आठ गोळ्या

लातूर
मंगळवार, १३ जुलै १९९९

प्रिय हसीनास,
शिवम्माचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

आपल्या बोर्डिंगातली रविवारची दुपार आठवते का ग? जेवणं झाली की सगळ्या मुली लांब टेबलाशी बसून घरी पत्र लिहायच्या, आणि पाकीट बंद व्हायच्या आधी सिस्टर ते वाचायच्या. घरची आठवण येते असं कुणी लिहिलं की त्यावर निळ्या पेन्सिलीची रेघ. म्हणून आपण सगळ्या एकच वाक्य लिहायला शिकलो : इकडे सर्व खुशाल. तुला गोवर आला होता, अंगभर पुरळ, आणि मी तुझ्या अब्बांना लिहिलं होतं की हसीना खुशाल आहे, तिचं वजन वाढलंय. तू पांघरुणात तोंड खुपसून हसत होतीस. घरी तू दखनी बोलायचीस, मी कानडी, शाळेत दोघी इंग्रजी, आणि एकमेकींना पत्रं मात्र मराठीत. चाळीस वर्षांत त्यातल्या एकाही पत्रात ते वाक्य मी चुकवलं नाही.

आज चुकवते. इकडे खुशाल नाही.

फोनवर हे सांगता आलं नसतं. फोन हॉलमध्ये, आणि त्याच्याभोवती क्लाससाठी माझ्याकडे खोल्या घेऊन राहणाऱ्या आठही मुली आपापल्या घरच्या फोनची वाट बघत उभ्या. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी भाजी आणायला म्हणून निघाले आणि बसस्टँडवर जाऊन बसले. औसा-निलंग्याच्या गाड्या लागतात त्या फलाटावर. सकाळी अकराला बसले ते चारपर्यंत. शेवटी शिवांगीनं, म्हणजे मुरुडची एक मुलगी आहे माझ्याकडे, बारावीला, तिनं क्लासहून येताना मला पाहिलं. घरी कसं जायचं हे मी विसरले नव्हते. उठायचं कशासाठी, ते आठवत नव्हतं. त्याआधीचे दोन महिने जेवणाच्या नावानं मी नुसती ताटात बोटं फिरवत होते. आमची भाकरी करणारी केवळाबाई शेजारणीला सांगत होती की बाईला कुणाचं तरी लागलंय.

भागवतनं, माझ्या धाकट्या बहिणीच्या, साखराच्या मुलानं, मला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरसवदा आहेत. सगळ्यात जास्त काय दुखतं असं विचारलं. मी म्हटलं, दुखत काहीच नाही, तीच तर तक्रार आहे. त्यांनी नैराश्य हा शब्द वापरला आणि महिन्याच्या तीस गोळ्या दिल्या. पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिलंय : रोज एक, दुपारी जेवणानंतर. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होईल आणि बहुतेक आपोआप ओसरेल, असं आधीच बजावलं. पाहुणा महिन्यानं येणार आणि त्याचं सामान आजच दारात येऊन पडणार, असा हा प्रकार.

शनिवारी पहिली गोळी घेतली. सामान येऊन पडलं. तोंड कोरडं, हात थरथरतो (अक्षरावरून दिसतच असेल), लसणाच्या फोडणीचा वास आला की पोटात ढवळतं. जांभया येतात, झोप येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे बसवत नाही. एवढं पत्र लिहिताना मी सहा वेळा उठले, दोनदा गच्चीवर जाऊन आले, काही काम नसताना.

मुलींच्या आईबापांना यातलं काही कळता कामा नये. डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्या बाईकडे कोण आपली लेक ठेवील? म्हणून पाकीट डाळीच्या डब्यामागे आहे.

आहे तेवढा लोभ राहू दे. वाढवून मागायची ताकद आली की मागेन.

तुझी,
शिवम्मा


नांदेड
रविवार, १८ जुलै १९९९

प्रिय शिवम्मा,
सलाम, आणि इथूनच गळाभेट. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी पण उभ्यानंच वाचलं. जहांगीरनी विचारलं की कुणाचं काही वाईट तर नाही ना. मी सांगितलं की चाळीस वर्षांत पहिल्यांदा शिवम्मानं खरं लिहिलंय. ते म्हणाले, मग पेढे आण. या माणसाला कुठे काय बोलावं हे निकाहच्या दिवसापासून कळलेलं नाही.

ऐक आता. मी डॉक्टर नाही, बत्तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं तेवढंच. पण माझ्या चुलत जावेनं गेल्या साली याच जातीची गोळी घेतली. पहिले दोन आठवडे तीही घरभर फिरायची, सासू म्हणायची बहूच्या पायाला भिंगरी लागली. मग हळूहळू बसायला लागली. तिला डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी तुला लिहिते, तुझ्या बाईंना विचारून कर : रिकाम्या पोटी घ्यायची नाही, पाणी जास्त प्यायचं, दुपारनंतर चहा बंद. चालावंसं वाटलं तर चालायचं, स्वतःशी भांडत बसायचं नाही. आणि त्रास सोसवेना तर डॉक्टरांना सांगायचं. आपल्या मनानं बंद तर अजिबात करायची नाही.

आमचा यासेर अर्धापूरला गेला होता, तिथली केळी एसटीतून पाठवली आहेत. पोटात ढवळलं की अर्धं खा. सगळी पोरींना वाटू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

डाळीच्या डब्यामागचं पाकीट मला आवडलं नाही. पण आत्ता त्यावर भांडत नाही.

लोभ आहेच, तो काय मागायचा. मी पत्र मागते.

तुझी,
हसीना


लातूर
शुक्रवार, ३० जुलै १९९९

प्रिय हसीनास,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझी केळी पोचली. चार मी खाल्ली, खरंच. बाकीची वाटली, हेही खरंच.

तीन आठवडे होत आले आणि काहीही ओसरलेलं नाही. तुझ्या जावेची भिंगरी दोन आठवड्यांत थांबली, माझी थांबत नाही. दोन दिवस जरा बरे जातात, मला वाटतं सुटले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. आज तर मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसतो. सकाळपासून मी सगळ्या मुलींच्या चादरी काढल्या, भिजवल्या, नि मग कशाला भिजवल्या म्हणून रडले. केवळाबाई म्हणाली की आज श्रावणाची साफसफाई का? मी हो म्हटलं. श्रावणाला अजून बारा दिवस आहेत.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. गोळी नियमित चालू आहे ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्रास? थोडा, म्हटलं. त्यांनी आणखी थोडा धीर धरायला सांगितलं.

काल गुरुवार होता. गुरुवार माझ्या साखराबाईचा, म्हणून मी सहा वर्षं अन्नाला शिवत नाही. सोमवारचा उपास आमच्या घरचाच आहे, लहानपणापासूनचा. गुरुवार मी धरला. भूकंप गुरुवारच्या पहाटे झाला हे तुला माहीत आहे. एक गोष्ट मात्र तुला मी कधी सांगितली नाही. आदल्या दिवशी विसर्जन होतं, आणि साखरा लातूरला माझ्याकडे आली होती. भागवत तेव्हा बारावीला, माझ्याकडेच राहायचा. खोल्या भाड्यानं द्यायला मी नुकतीच सुरुवात केली होती. संध्याकाळी ती म्हणाली की अक्का, पाय लई दुखायलेत, आजची रात राहू का? मी म्हटलं, उद्या सकाळी दोन मुलींचे वडील अंथरूण-पेट्या घेऊन यायचे आहेत, खाटा मोजून आहेत, साडेसहाची गाडी आहे तुला. मी तिला त्याच औशाच्या फलाटापर्यंत सोडायला गेले होते. खिडकीत बसवून दिली. पहाटे तिचं गावातलं घर तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर पडलं.

तेव्हापासून या गावात क्लास वाढले, मुली वाढल्या, माझ्या खाटा दोनाच्या आठ झाल्या. एकेका खाटेकडे बघून मला काय वाटतं ते कुणाला सांगू?

गोळ्यांनी हे जाणार नाही. नुसती तळमळ वाढली. खरं सांगते, तो बसस्टँडवरचा बाक बरा होता, तिथे निदान स्थिर बसता येत होतं. पहिल्या श्रावणी सोमवारपर्यंत वाट बघते. सोळा ऑगस्ट. तोवर फरक पडला नाही तर राहिलेल्या गोळ्या मोरीत.

मला रागावू नकोस. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
शिवम्मा


(पोस्टकार्ड)

ता. ८ ऑगस्ट १९९९

ती. हसीनामावशीस,
भागवतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं कार्ड भेटलं. तुमी लिहल्यापरमाणं शुक्रवारी लातूरला गेलो. मावशी घरात चालायलती, मग मी बी मागं मागं चाललो. म्हणली, बैल हाईस का माझ्यामागं फिरायला. म्हणलं हाव. मग जरा हसली. त्यो बाकाचा विषय काढला तर आनखी भराभरा चालायली. मरायचं बिरायचं काय मनात हाय का, तुमी सांगितलं तसं सरळच इचारलं. म्हणली न्हाई रे, बसायचं मनात हाय, बसवंना. डॉक्टरीणबाईचा फोन नंबर भिंतीवर मोठा लिहून ठिवलाव, शिवांगीला बी दिलाव.

ती आंघुळीला गेल्यावर डाळीच्या डब्यामागं बघितलं. गोळ्या मोजल्या. अकरा हायत्या. त्या दिवशीची दुपारची घ्यायची राहिली हुती. ह्याचा अर्थ काय ते तुमीच बघा, मला चोरी केल्यावानी वाटायलंय.

लहानाचं चुकलं असंल तर पोटात घालावं.

आपला,
भागवत


नांदेड
मंगळवार, १० ऑगस्ट १९९९

प्रिय शिवम्मा,
सलाम. बाकीचं मागून.

मी भागवतला तुझ्या घरात हेर म्हणून पाठवलं. शिवी द्यायची असेल तर मला दे, त्याला नको. तुझ्या बाकाबद्दल वाचल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही.

तीस गोळ्या. दहा जुलैला सुरुवात. शुक्रवारी सकाळी तीन उरायला हव्या होत्या, अकरा उरल्या. आठ जास्त. चार आठवडे, आठवड्याला दोन. मी तुझी दोन्ही पत्रं समोर मांडली, एक मंगळवारचं, एक शुक्रवारचं, दोन्हीतलं अक्षर मुंगी शाईतून चालल्यासारखं. सोमवारच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार, गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बावळे, तू उपासाच्या दिवशी गोळी घेत नाहीस!

बाईंनी लिहून दिलं जेवणानंतर. उपासाला जेवण नाही, म्हणून गोळी नाही. हा हिशेब मला दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको, कारण मी तो केलाय. चार वर्षांपूर्वी रमजानात सगळा महिना मी रक्तातल्या साखरेची गोळी बंद ठेवली होती, नाश्त्यानंतर घ्या असं लिहिलं होतं आणि रोज्यात नाश्ता कुठला! ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या पातेल्यासमोर आडवी झाले. आमची सून सदफ, तेव्हा नवी नवरी, तिनं सगळ्या पाहुण्यांदेखत मला झापलं. नंतर डॉक्टर म्हणाले की आधी विचारलं असतं तर सहरी-इफ्तारच्या वेळा बसवून दिल्या असत्या. उपास मोडायची गरजच नव्हती. विचारायची होती.

तुलाही कुणी उपास मोड म्हणत नाही. शाबूची खिचडी खा, दूध पी, आणि बाईंना विचार की त्यावर गोळी चालते का. पण आजच जा. आठवड्यातून दोनदा शरीराला सुट्टी देऊन पुन्हा कामाला जुंपलंस तर ते बिचारं रुळणार कधी? तुझा पहिला आठवडा अजून संपलेलाच नाही.

साखराबाईबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. पत्रात लिहिण्याजोगं माझ्याजवळ नाही. आले की तुझ्या शेजारी बसेन. तू चालत असशील तर चालेन.

मोरीत काही टाकायचं नाही. माझी आण.

हसीना


लातूर
शनिवार, १४ ऑगस्ट १९९९

हसीनास,
नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी मी भागवतवर संतापले, मग तुझ्यावर, मग ताटलीत जोंधळे घेऊन निवडत बसले. अर्धा तास. तो अर्धा तास बसले होते हे नंतर लक्षात आलं.

काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पाकीट हातात घेऊन स्वतःचंच अक्षर बघत राहिल्या. म्हणाल्या, चूक माझीही आहे, या गावात बसून मी उपासाचं विचारायला हवं होतं. दुधाबरोबर, फराळाबरोबर, चालते. चुकवायची मात्र नाही. रोज घेतली तरच अंगाला सवय होते. मध्ये खंड पडला की झटके, घाम, तळमळ पुन्हा पहिल्यापासून. आता आजपासून नव्यानं दिवस धरायचे, आणि दर आठवड्याला जाऊन दाखवायचं. वाईट विचार आला तर वेळ न बघता फोन. गुण आला तरी पुढे कित्येक महिने घ्यायची, आणि थांबवायची तेव्हा त्या हळूहळू थांबवतील.

आता तुला एक खरं सांगते, कारण तू निम्मंच ओळखलंस. दूध चालतं हे मला ठाऊक होतं, हसीना. मी काही अडाणी नाही. सोमवारचं म्हणशील तर खरोखर सवयीनं राहिलं. पण गुरुवारी मी पाकीट हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. त्या दिवशी बरं वाटायचा मला हक्क नाही असं वाटायचं. शुक्रवारी डोक्यात झटके बसले की आतून कुणीतरी म्हणायचं, असंच पाहिजे.

हे मी बाईंना पण सांगितलं. सांगताना खुर्चीतून दोनदा उठले. त्यांनी उठू दिलं.

शिवम्मा


लातूर
मंगळवार, ३१ ऑगस्ट १९९९

प्रिय हसीनास,
शिवम्माचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

मंगळवार मुद्दाम निवडला. अक्षर बघून घे.

अठरा दिवस एकही चुकवली नाही. तोंड अजून कोरडं पडतं, खिशात म्हणजे कमरेला खडीसाखरेची पुडी असते. जांभया आहेत. दुपारी चार ते सहा पाय अजून ऐकत नाहीत, मग मी मुलींच्या सायकलींना हवा आहे का बघत अंगणात फिरते. पण झटके थांबले. लसणाच्या फोडणीचा वास परवा फोडणीसारखाच आला. काल तिसरा श्रावणी सोमवार, तर खिचडीचं ताट संपल्यावर मी आणखी घेऊ का असं स्वतःला विचारलं, आणि घेतली. केवळाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू घरात देव आले. बरी झाले असं म्हणणार नाही. बसता येतंय.

शिवांगीला मी गोळ्यांचं सांगून टाकलं. घाबरत सांगितलं. ती म्हणाली की मावशी, तुमचं पाकीट डाळीमागं आहे हे आम्हा आठही जणींना पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे, डाळ आम्हीच काढतो. कुणीही घरी बोललेलं नाही. तिच्या आईला आता मीच फोन करून सांगणार आहे. मुलीला न्यायची असेल तर न्यावी. कदाचित नेतील. अजून धीर होत नाही, पण करणार.

आणि मी ठरवलंय : गुरुवारचं उद्यापन करायचं. सोमवार आमच्या घरचा आहे, तो राहील, गोळीसकट. गुरुवार मी शिक्षा म्हणून धरला होता, आणि अशा उपासाला उद्यापन असतं का हे मी आमच्या स्वामींना विचारलं. ते म्हणाले की सोडायचंच आहे तर जेवूघालून सोड. गुरुवारी सुरू झालेलं सोमवारी का सोडतेस असं तू म्हणशील. सहा सप्टेंबरचा शेवटचा श्रावणी सोमवार, त्या दिवशी लोक देवाच्या निमित्तानं येतील, मला कारण सांगावं लागणार नाही. त्या एका दिवशी मीही जेवणार आहे. त्याची परवानगी स्वामींकडून आधीच काढली. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं ये. जहांगीरभाईंना सांग की पेढे त्यांनीच आणावेत, ऐन वेळी बोलायचा त्यांचा मान.

साखरा परत येत नाही. तिचा गुरुवार सुटला म्हणून माझ्या मनातून ती सुटेल असं नाही, हेही मला कळतं. परवा पुन्हा बसस्टँडवर गेले होते, भाजीच्या पिशवीसकट. औशाची गाडी लागली, सुटली. मी भाजी घेऊन घरी आले. तेवढंच.

लोभ भरपूर साठलाय तुझ्याकडे. आता मागायला लाज वाटत नाही.

तुझी,
शिवम्मा

ता. क. घाईत विसरायला होईल म्हणून कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, रविवारी आल्यावर तू ताबा घे. स्वामींना शिधा आणि धोतरजोडी, ती देवघरात आहे. केवळाबाईला हिरवं इरकल. दुसऱ्या कुणाला देऊन टाकेल, म्हणून नेसवूनच पाठव. आठही मुलींना पुरणाचं ताट आणि एकेक पेन. शिवांगीला त्याखेरीज माझी इंग्रजी डिक्शनरी, ती इथे राहिली काय आणि मुरुडला गेली काय. खालची कोपऱ्यातली खोली यंदापासून भाड्याला नाही. तिथली खाट संध्याकाळी जो कुणी दमून येईल त्याला, आणि पहिल्या रात्री तुला. माझं ताट तू वाढ. जेवण झालं की पाण्याचा तांब्या आणि गोळी माझ्या हातात दे, सगळ्यांदेखत. भागवतला कपाटाच्या वरच्या फळीवरची खाकी पिशवी. ती साखराची आहे. परत येशीलच म्हणून त्या संध्याकाळी मीच तिच्या हातून काढून ठेवून घेतली होती. आत एक धुतलेलं लुगडं आहे, रात्रीपुरतं. ती राहायला म्हणूनच आली होती. ती पिशवी मात्र दुसऱ्या कुणी द्यायची नाही, मी देईन. तू माझ्या शेजारी उभी राहा.